कंपनीची फिल्म आणि ट्रेनिंगचा व्हिडिओ

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून फोन येतो, “ट्रेनिंगचा व्हिडिओ करायचाय. ड्रोन आहे ना तुमच्याकडे?” ड्रोनचं नाव निघालं की मी ओळखतो, साहेबांना कंपनीची फिल्म हवी आहे. मागं पांडवलेणीचा डोंगर, गेटवरची झाडं, चकचकीत मशीनची रांग, मग साहेबांचे दोन शब्द. त्यात वाईट काही नाही. ती गिऱ्हाइकासाठी असते, पाहून त्याचा विश्वास बसला की तिचं काम झालं. घोळ होतो तो हीच फिल्म नव्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवून रजिस्टरात ‘ट्रेनिंग झाले’ म्हणून सह्या घेतात तेव्हा.

ट्रेनिंगच्या व्हिडिओसाठी कॅमेरा काढण्याआधी मी एक वाक्य लिहून मागतो: हे पाहून ऑपरेटर काय करू शकेल? ‘त्याला सीएनसीची (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनची) माहिती होईल’ हे उत्तर चालत नाही. ‘व्यास जास्त आला तर वेअर ऑफसेट देऊन जॉब साइजमध्ये आणेल’ हे चालतं. (जॉब म्हणजे मशीनवर बनणारा भाग, वेअर ऑफसेट म्हणजे टूल झिजून मापात पडलेला फरक भरून काढायला मशीनला दिलेला आकडा.)

मग तेवढंच दाखवायचं, तीनेक मिनिटांत. बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा, मायक्रोमीटर २५.०२ दाखवतोय. डायमीटर मोडच्या, म्हणजे एक्सचा आकडा व्यासात धरणाऱ्या, लेथवर ऑफसेटच्या तक्त्यात त्या टूलच्या ओळीत, एक्सखाली, वजा ०.०२ द्यायचे. नवा माणूस दोन ठिकाणी चुकतो. एक, चिन्ह: अधिक दिलं की पुढचा जॉब २५.०४. दुसरी चूक जास्त छुपी. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीनच्या स्क्रीन-बटणांच्या पॅनेलवर) ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा जाऊन नवा बसतो, ‘प्लस इनपुट’ दाबलं तर जुन्यात मिळवला जातो. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा जाणता माणूस, हे इतक्या सवयीनं करतो की सांगताना म्हणतो, “मग ते मारायचं.” ते म्हणजे काय, हे त्याच्याकडून काढून घेणं हीच खरी स्क्रिप्ट.

कॅमेरा ऑपरेटरच्या खांद्यामागे लावायचा. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं दिसतं. कंप्रेसरच्या आवाजात बोलणं रेकॉर्ड करू नये, नंतर शांत खोलीत करावं. फिल्मला संगीत शोभतं, इथे ते मध्येच येतं. (पैसे मात्र फिल्मचेच जास्त मिळतात, ते असो.)

एकदा मी सगळे विषय एकाच लांबलचक व्हिडिओत कोंबले. नंतर कळलं, शेजारच्या मशीनचा कंट्रोल वेगळा, स्क्रीन वेगळी. सगळं परत शूट. तेव्हापासून एक काम, एक व्हिडिओ. बदल झाला तर तेवढाच तुकडा बदलतो.

फिल्म पास करतात साहेब. ट्रेनिंगचा व्हिडिओ मी चार दिवसांपूर्वी कामावर लागलेल्या पोराला दाखवतो, मग सेटरला शेजारी उभं करून पोरालाच ऑफसेट द्यायला सांगतो आणि स्वतः गप्प राहतो. मागच्या वेळी तो ‘प्लस इनपुट’पाशी अडला. व्हिडिओत नेमकं तेच बटण सेटरच्या अंगठ्याखाली अर्धं झाकलं गेलं होतं. तेवढा शॉट पुन्हा घेतला.