पिशवीचं अस्तर पारखून घेतं

मूल राहत नसलं की आमच्याकडे ‘बी चांगलं, जमीनच खराब’ म्हणून मोकळे होतात. कापूस-केळीच्या मुलखात उपमा शेतीचीच येणार. पण चोपड्याच्या काळ्या जमिनीत सरकी टाकली तर जमीन तिला पारखत नाही. गर्भपिशवीचं आतलं अस्तर पारखतं.

पाळी संपताना हे अस्तर अगदी पातळ झालेलं असतं. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे ते पुन्हा वाढतं. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा अंमल सुरू होतो. अस्तराच्या ग्रंथी पोषक स्राव करू लागतात, लांबट पेशी फुगून गोल होतात आणि ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच एक प्रकारचा साठा, साठवतात. या बदलाला डेसिड्युअलायझेशन म्हणतात. उंदरात तो गर्भ टेकल्यावरच होतो. बाईच्या शरीरात मात्र दर महिन्याला, गर्भाची वाट न बघता सुरू होतो. गर्भ आला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि तयार अस्तर गळून पडतं. तीच पाळी. माणूस, माकडं, काही वटवाघळं असे मोजकेच सस्तन प्राणी यात येतात. गाय माजावर येऊन गेल्यावर कधी रक्त दिसतं, ती पाळी नसते.

स्त्रीबीज सुटल्यानंतर साधारण ६ ते १० दिवसांच्या काळातच गर्भाला इथे रुजता येतं. त्यातही हे अस्तर सरसकट कुणालाही थारा देत नाही. वाढ खुंटलेल्या गर्भाजवळ या गोल पेशी रुजवणुकीला लागणारी रसायनं कमी सोडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. गर्भ न राहण्यामागे कधीकधी अस्तराची ही निवडही असू शकते. आणि पुरुषाची तपासणी न करता बाईला दोष देणं तर निव्वळ अन्याय.

गर्भ रुजला की पहिले तीन महिने त्याचं बरंचसं पोषण अस्तराच्या ग्रंथींच्या स्रावावर होतं. वारेत (प्लॅसेंटात) आईचं रक्त भरपूर खेळू लागतं ते त्यानंतर. दरम्यान वारेच्या पेशी अस्तरात शिरून तिथल्या वळणदार धमन्या रुंद करतात. अस्तरातल्या खास रोगप्रतिकारक पेशी त्यांना मदत करतात. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त नीट पुरत नाही आणि २० आठवड्यांनंतर आईचं बीपी चढू शकतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आशाताई सहाव्या-सातव्या महिन्यातही बीपी मोजायला चला म्हणून मागे लागते, ते यासाठीच. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.