जिलबीला जिलबी कळत नाही

यंदा पाडव्याला श्रीखंडाचा डबा झाकायला दोन मिनिटं उशीर झाला आणि तेवढ्यात आमच्या बोक्याने कडा चाटून लख्ख केल्या. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगदी तुझ्या सासऱ्यांवर गेलाय, गोडघाशा!"

बोक्याचं नाव जिलबी. नारिंगी वेटोळं करून झोपलेलं पिल्लू बघून ठेवलेलं. तो बोका आहे हे पुढे कळलं. जोडीला चकली, राखाडी आणि खडूस. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपलीकडचं जग दोघांनी फक्त खिडकीच्या जाळीतून पाहिलंय. न्हाणीघर ते ओटा या आठ पावलांत दोघं मला रोज सकाळी पाच-सहा वेळा आडवी जातात. आजवरचा एकूण अपशकुन म्हणजे एकदा सांडलेला चहा, आणि त्यातही चूक माझी होती. चष्मा लावला नव्हता.

तर गोडघाशा. मांजर पाळणारे बरेच जण हे छातीठोकपणे सांगतात: आमची आइस्क्रीम खाते, आमचा केकवर तुटून पडतो. खातात हे खरं आहे, पण गोड म्हणून खात नाहीत. मांजराला गोड ही चव कळतच नाही.

गोड कळण्यासाठी जिभेवरच्या रुचिकलिकांमध्ये दोन प्रथिनांची जोडी लागते. त्यांची नावं टी१आर२ आणि टी१आर३. अडकित्त्याची दोन पाती समजा. साखरेचा रेणू या जोडीत बसला की मेंदूकडे "गोड!" असा निरोप जातो. एक पातं नसेल तर सुपारी कातरली जात नाही. मांजराकडे टी१आर३ ठणठणीत आहे, टी१आर२ मात्र नाही. ते बनवणारं जनुक आहे, पण मोडकं. हे 2005 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

मोडलं कसं, हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा थांबते.

जनुक म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ. तिच्यात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. पेशी ती तीन-तीन अक्षरांनी वाचते आणि दर तीन अक्षरांमागे प्रथिनाच्या माळेत एक अमिनो आम्ल ओवते. पहिलीच्या पुस्तकातल्या बिनकाना-मात्र्याच्या शब्दांनी हे छान समजतं:

शरद मटण गरम करत

आता यातलं एकच अक्षर, शरदचा र, उडवा. पेशीला चूक झाल्याचं कळत नाही. ती आपली तीन-तीन मोजत पुढे जाते:

शदम टणग रमक रत

गेलं एक अक्षर, पण नासलं पुढचं सगळं. उलट "शरद" ही तिन्ही अक्षरं उडाली असती तर "मटण गरम करत" उरलं असतं. कोण करतंय ते कळलं नसतं, पण मटण वाचलं असतं! म्हणजे किती अक्षरं गळाली यापेक्षा त्या संख्येला तीनने भाग जातो का, हे महत्त्वाचं.

मांजराच्या टी१आर२ जनुकात सहा तुकडे आहेत. त्यांतल्या तिसऱ्यातून 247 अक्षरं गळालेली आहेत. भागून बघा: तीन गुणिले ब्याऐंशी म्हणजे 246, बाकी एक. ती एकची बाकी घात करते. तिथून पुढे वाचन सरकतं. त्यातच चार अक्षरांपासून तीन-तीनचे 64 शब्द होतात आणि त्यांतले तीन पूर्णविराम असतात. सरकलेल्या ओळीत ते भलत्याच जागी उगवतात. मांजरात चौथ्या आणि सहाव्या तुकड्यात ते आहेतच. चौथ्यातल्या पूर्णविरामाशी पेशी माळ ओवायची थांबवते आणि अर्धवट माळेचा काही उपयोग नसतो.

हीच 247 अक्षरं वाघ आणि चित्त्यातही गायब आहेत. म्हणजे घोटाळा आमच्या जिलबीच्या पिढीतला नाही, मार्जारकुळाच्या सामाईक पूर्वजातला आहे. त्याचं काही बिघडलं नाही, कारण हरणात साखर नसते. ज्याला फळं शोधायची आहेत त्याला ही मोडतोड महागात पडते. शिकाऱ्याला पत्ताही लागत नाही. ठिपकेदार तरस आणि समुद्रसिंह यांच्यातही हे जनुक मोडलेलं आहे, पण वेगळ्या ठिकाणी. प्रत्येकाने स्वतंत्रपणे मोडलं! कुत्र्याचं शाबूत आहे, म्हणून कुत्र्याला पेढा खरंच गोड लागतो.

आणि टी१आर३ का टिकलं? त्याची दुसरीकडेही सोयरीक आहे. टी१आर१ या तिसऱ्या प्रथिनाशी जोडी जमली की मांस-मासळीची चव कळते, जिला जपानी लोक उमामी म्हणतात. पांड्याचं नेमकं उलटं: कूळ मांसाहारी, खातो बांबू, आणि त्याचं टी१आर१ मोडलेलं.

मग श्रीखंड? साखर वगळली तर त्यात उरतं दुधाचं प्रथिन आणि स्निग्धांश. जिलबी ते चाटत होता. मी खातरजमा केली: एका बशीत बिनसाखरेचा चक्का, दुसरीत साखरेचं पाणी. चक्का संपला. पाण्यात चकलीने पंजा बुडवला, झटकला आणि माझ्याकडे बघितलं. दोन मांजरं आणि दोन बश्या म्हणजे विज्ञान नव्हे, ठाऊक आहे मला. पण आपल्या म्हणीला हे आधीच कळलेलं दिसतं. शिंकं तुटतं तेव्हा बोक्याचं फावतं ते लोण्यावर. गुळाला लागतात ते मुंगळे.

हल्ली "आमचं मांजर शुद्ध शाकाहारी" अशा चित्रफिती फिरतात आणि खाली "आमची आजी दूधभातावरच पाळायची" अशा प्रतिक्रिया येतात. आजीची मांजर दूधभात खाऊन माळ्यावर उंदीर आणि पाली मारायची, हे कोणी लिहीत नाही. घरकोंबड्या मांजराला माळा नसतो. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांसातून यावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो, हे 1975 मध्ये कळलं, आणि हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 मध्ये. म्हणून तयार खाद्यात टॉरिन मुद्दाम घालतात. दूधभातात ते नसल्यातच जमा. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, ढाळ होते. चक्क्यात ती कमी असते, कारण बरीचशी पाण्यासोबत गळून गेलेली असते.

सासूबाईंना मी हे सगळं ऐकवलं. शरदच्या मटणाशी त्यांनी हात वर केले. "म्हणजे याला जिलबी कधी कळायचीच नाही होय?" एवढंच म्हणाल्या. गेल्या रविवारी परत चक्का बांधला होता. साखर मिसळण्याआधी त्यांनी दोन चमचे बाजूला काढले आणि बोक्याला हाक मारली.