वतनदार घराण्यांचे दप्तर

देशमुख, देशपांडे, पाटील आदी वतनदार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली फर्माने, सनदा, महजर (गोतसभेने, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या सभेने केलेल्या निर्णयाचे कागद), निवाडे आणि इनामपत्रे, तसेच त्यांवरून घराण्याचा इतिहास जुळवण्याची पद्धत. महाराष्ट्रात या अभ्यासाला खरे वळण वि. का. राजवाडे यांनी दिले. गावोगाव फिरून माळ्यावरचे रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) सोडवून त्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

यातला कागद बहुधा इतिहास लिहावा म्हणून झालेला नाही. वतनावर भाऊबंदांनी किंवा शेजारच्या देशमुखाने हक्क सांगितला की पुरावा लागे, आणि त्यासाठीच तो जपला जाई. म्हणून दप्तरात तंट्यांचा तपशील उदंड सापडतो. ज्या पिढीत भांडण झाले नाही, तिचे नावही कधी कधी मिळत नाही. घराण्याचा मूळपुरुष उत्तरेतून आला, ही आवडती हकिकत तर उशिराच्या कैफियतीत (घराण्याने दिलेल्या लेखी हकिकतीत) ठसठशीत आणि जुन्या महजरात गायब, असा अनुभव वारंवार येतो. अशा वेळी महजराचे ऐकावे.

भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांचे दप्तर या दृष्टीने फार मोलाचे. अफजलखानाच्या स्वारीत सामील व्हा, असे अली आदिलशहाचे कान्होजी जेधे यांना आलेले जून 1659 चे फर्मान प्रसिद्ध आहे. कान्होजींनी ते मानले नाही. वतनावर पाणी सोडून ते शिवाजी महाराजांकडे राहिले, असे जेधे करिना सांगतो. करिना हे घराण्याने स्वतःची बाजू मांडणारे लेखन, तेव्हा त्यातली निष्ठेची थोरवी जरा हात राखूनच घ्यावी लागते. फर्मान मात्र विरुद्ध पक्षाचे. दोन्ही शेजारी ठेवले की प्रसंगाला बळकटी येते. याच घराण्याकडची शकावली (शकवार नोंदींची यादी) 1907 मध्ये लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली छापली गेली. तिच्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य 3, शके 1551 (19 फेब्रुवारी 1630) अशी आहे. बखरींतल्या शके 1549 ला त्यामुळे हादरा बसला आणि वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

वाचनाची खरी गोम कालगणनेत आहे. आदिलशाही आणि मराठी कागदांत सुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत: ‘तिसा खमसैन अलफ’ म्हणजे नऊ, पन्नास, हजार, एकूण 1059. हे वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 आणि जानेवारीपासून पुढे 600 मिळवले की इसवी सन निघतो. वरच्या आकड्याचे 1658-59 होतात. चंद्र (चांद्र महिन्यातला दिवस) व रोज (वार) दिले असतील तर महिना-तारीखही बसवता येते.

महजरात गोतसभेला हजर असलेल्यांची यादी असते. पाटलाच्या नावापुढे नांगर, बलुतेदारापुढे त्याच्या धंद्याचे हत्यार अशा निशाण्या काढलेल्या असतात. घराण्याची सोयरीक, शेजार आणि वैर ताडायला ही यादी निवाड्यापेक्षाही उपयोगी पडते; एकच माणूस दोन महजरांत आला की पिढ्यांचा सांधा जुळतो.

बनावट कागदही भरपूर आहेत, कारण वतनाची किंमत तशी होती. 1674 पूर्वीच्या म्हणवणाऱ्या पत्रात राज्याभिषेक शक किंवा ‘क्षत्रियकुलावतंस’ हे बिरुद आले, की कागद बाजूला ठेवायचा. तिथी आणि वार जुळत नसले तर संशय घ्यायचा. मात्र नकलेत लेखकाचा हात चुकलेला असू शकतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये.

मूळ कागद घरात उरला नसेल, तर पुण्याच्या पेशवे दप्तराकडे (पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहाकडे) वळावे लागते. 1852 च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने हक्कांची छाननी केली, तेव्हा घराण्यांना वंशावळी आणि सनदांच्या नकला हजर कराव्या लागल्या. इनाम राखण्यासाठी दिलेली ही वंशावळ बहुधा पुरुषांचीच असते. मोडी येत नसेल तर यातले फारसे काही हाती लागत नाही.