पॅराबेनबद्दल आम्हाला नेहमी विचारलं जातं ते

“यात पॅराबेन आहे का? त्यानं कॅन्सर होतो म्हणे.” काउंटरवर आणि फोनवर हा प्रश्न इतका येतो की उत्तर छापूनच ठेवलेलं बरं.

आमच्या तेलात आणि कोरड्या उटण्यात पाणी नसतं, म्हणून त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. लोशन आणि शाम्पूत पाणी असतं. तिथे काही घातलं नाही तर जिवाणू आणि बुरशी वाढायला वेळ लागत नाही, आणि असं लोशन अंगाला लावणं हा खरा धोका. हे काम वर्षानुवर्षं मिथाइल, इथाइल, प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन स्वस्तात करत आले आहेत.

मग शंका का? इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधलं मुख्य हार्मोन पेशींमध्ये ज्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, त्यालाच पॅराबेनही थोडंफार चिकटतं. स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी इस्ट्रोजेनवर वाढतात. अशा पेशींना प्रयोगशाळेत पुरेसं पॅराबेन दिलं की त्याही वाढतात. मात्र जोर फार कमी. 1998च्या एका ब्रिटिश अभ्यासात या चौघांतलं सर्वांत जोरकस ब्युटिल पॅराबेनसुद्धा शरीरातल्या इस्ट्रोजेनपेक्षा सुमारे 10,000 पट दुबळं निघालं. शिवाय त्वचा आणि यकृत पॅराबेनचं लवकर विघटन करतात आणि ते लघवीवाटे निघून जातं.

गाजावाजा झाला 2004 मध्ये. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्रे यांच्या गटाला स्तनाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडलं. निरोगी स्तनाचे नमुने मात्र तुलनेला नव्हते, त्यामुळे गाठ पॅराबेनमुळे झाली असं त्यावरून म्हणता येत नाही. बातम्यांनी ते म्हटलंच. 2012च्या पुढच्या अभ्यासात तर काखेत डिओडरंटसारखं कधीच काही न लावणाऱ्या स्त्रियांच्या ऊतींतही ते मिळालं.

तरीही आम्ही विषय संपला असं म्हणत नाही. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना दिसलं, की पेशीला वाढायला सांगणारा दुसरा एक संकेत सोबत असेल तर ब्युटिल पॅराबेन बऱ्याच कमी मात्रेतही पेशींवर परिणाम करतं. युरोपियन युनियनने 2014 मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली आणि प्रोपिल व ब्युटिलची मर्यादा मिळून 0.14 टक्क्यांवर आणली. तीन वर्षांखालच्या बाळांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये तर ही दोन्ही चालत नाहीत.

आम्ही लोशनमध्ये सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरतो. ती आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतात, म्हणून आमची बाटली कमी महिने टिकते. ‘पॅराबेन फ्री’ एवढंच वाचून मात्र निर्धास्त होऊ नका. त्याऐवजी अनेकांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं आणि लोकांना त्याची ॲलर्जी होऊ लागली.

ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या, कॅन्सरवर उपचार चालू असतील तर कोणतं लोशन वापरायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारा. लेबल त्यांना दाखवा. आमचं लोशन बदललं म्हणून टॅमॉक्सिफेनची (इस्ट्रोजेनला अडवणारं औषध) एकही गोळी चुकवू नका.

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, आणि आत पाणी जाऊ देऊ नका.