जाहिरात अडली, सोबत विजेचं बिलही

बातम्या वाचताना दर दोन ओळींनी जाहिरात उघडते म्हणून आईच्या फोनमध्ये मी ॲड-ब्लॉकर टाकून दिला. आठवडाभर ती खूश होती. मग विजेचं बिल भरताना ॲपमध्ये नुसतं चक्र फिरत राहिलं. ‘माझंच काहीतरी चुकत असेल’ म्हणून ती दोन दिवस बोललीच नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ब्लॉकर टाकताना हे कुणीतरी सांगायलाच हवं असतं.

फोनमधल्या अशा बहुतेक ब्लॉकरना जाहिरात दिसत नाही, दिसतं फक्त सर्व्हरचं नाव. ॲपला काहीही मागवायचं असलं की आधी त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, विचारावा लागतो. नावावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था म्हणजे १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली डीएनएस. ब्लॉकर वाटेत बसतो आणि नाव त्याच्याकडच्या अडवायच्या नावांच्या यादीत सापडलं की ०.०.०.० असा कुठेच न नेणारा पत्ता हातात देतो. यूट्यूबवर हा उपाय चालत नाही, कारण तिथे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात.

खरी अडचण यादीतच आहे. जाहिरातींसोबत ॲपचा वापर मोजणाऱ्या सेवांची नावंही तिच्यात असतात. नीट बांधलेलं ॲप त्यांच्यावाचून पुढे जातं; घाईत बांधलेलं उत्तराची वाट बघत अडून बसतं. गूगलवरची प्रायोजित लिंक दाबूनही उघडत नाही, तेही यामुळेच. ती आधी क्लिक मोजणाऱ्या पत्त्यावरून जाते.

व्हीपीएन म्हणजे फोनची सगळी इंटरनेट ये-जा एका मधल्या वाटेने नेणारी सोय. अँड्रॉइडवर बरेच ब्लॉकर तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत बसतात. ती जागा एकच, त्यामुळे ऑफिसचा व्हीपीएन लावला की ब्लॉकर बंद. काही बँकिंग ॲप्स तर व्हीपीएन दिसला की उघडतच नाहीत. काही ब्लॉकर नावापलीकडे, कुलूपबंद जोडणीच्या आत बघता यावं म्हणून स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र (समोरचा सर्व्हर खरा असल्याची डिजिटल ओळख) बसवायला सांगतात. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून ॲप्स अशा प्रमाणपत्रावर सहसा विश्वास ठेवत नाहीत आणि जोडणी तुटते. हे बंधन आपल्याच भल्याचं आहे. पैशांच्या ॲपसाठी ते मोडायच्या भानगडीत पडू नका.

ॲप अडलं तर ब्लॉकर थांबवा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. चाललं, तर ब्लॉकरच्या नोंदीत त्या मिनिटाला अडवलेली नावं बघा आणि एकेक मोकळं करा, किंवा ते अख्खं ॲपच वगळा. सेटिंगमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये ब्लॉकरचा पत्ता घातला असेल तर अशी ॲपवार सूट मिळत नाही, तो बंदच करावा लागतो. पैसे भरताना मध्येच अडलं तर मात्र लगेच पुन्हा भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते तपासा.

आईच्या फोनमधल्या नोंदीत दोन नावं सापडली. पहिलं मोकळं केलं, तरी चक्र फिरतच राहिलं. दुसरं सोडलं आणि बिलाची रक्कम दिसली.