अंगावरचं की वरचं?

एचआयव्ही असलेल्या आईनं बाळाला अंगावर पाजावं का? दुधातून विषाणू जातो हे 1985 च्या सुमारास कळलं, आणि उत्तर सोपं वाटलं: पाजू नये, पावडरचं दूध द्यावं.

आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात सरकार ही पावडर फुकट देत असे. 2006 च्या सुरुवातीला तिथे जोराचा पाऊस झाला, पिण्याचं पाणी गढूळ झालं आणि तान्ह्या मुलांत जुलाबाची साथ पसरली. दवाखान्यात आलेली बहुतेक बाळं वरच्या दुधावरची होती. एचआयव्हीतून वाचवलेली कित्येक मुलं जुलाबानं गेली.

यात पावडरचा दोष नव्हता. रात्री दोन वाजता बाळ रडतं तेव्हा चूल पेटवायची, पाणी उकळून निववायचं, बाटली धुवायची, आणि हे दिवसातून सात-आठ वेळा. पाणी लांबून आणणाऱ्या बाईला हा सल्ला देणाऱ्यानं एक दिवस तरी ते करून बघायला हवं होतं. शिवाय पावडरीत आईच्या दुधातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना रोखणारी प्रथिनं, नसतात; जंतूंशी लढायला बाळ एकटं पडतं.

त्याआधीच, 1999 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या संशोधकांना एक चक्रावणारी गोष्ट दिसली होती. पहिले तीन महिने निव्वळ अंगावर असलेल्या बाळांपेक्षा, अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही मिळणाऱ्या बाळांत लागण जास्त होती. बाहेरच्या अन्नपाण्यानं कोवळ्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असा अंदाज आहे. म्हणजे पाणी, मध, गुटी असं 'थोडंसं चाटवणं' इथे महागात पडतं.

कोडं सुटलं ते गोळ्यांनी. उपचार नसतील तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होते. आई रोज औषध घेत असेल तर पाचपेक्षाही कमी. तिच्या रक्तातला विषाणू दबला की दुधातलाही घटतो. धोका अगदी शून्य होत नाही, पण 2010 पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते असं: जिथे वरचं दूध सुरक्षितपणे देता येत नाही तिथे औषध चालू ठेवा आणि पाजा. पहिले सहा महिने फक्त अंगावरच. बाळालाही सुरुवातीचे काही आठवडे औषध पाजतात.

बाळाला लागण झाली का, हे साध्या चाचणीतून कळत नाही, कारण ती विषाणू नव्हे, त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे निरोगी बाळही 'पॉझिटिव्ह' दिसतं. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला टोचून, जाड कागदावर छापलेल्या वर्तुळांत रक्ताचे थेंब घेतात. कागद वाळला की बर्फाशिवायही पाकिटातून दूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि तिथे थेट विषाणूच शोधतात. लागण झालेल्या, पण उपचार न मिळालेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात, त्यामुळे निकाल यायला लागणारा प्रत्येक आठवडा मोलाचा.

आणि अडतं ते बहुतेकदा बाळंतपणानंतर. पोटात बाळ असेपर्यंत नेमानं गोळी घेणारी बाई नंतर दवाखान्यात यायची थांबते: बस नसते, शेतात कामं असतात, घरात कुणाला सांगितलेलं नसतं. दूध मात्र चालूच असतं.