व्यक्तिचित्र की कथा?

नव्यानं लिहिणाऱ्यांच्या कथा वाचताना एक प्रकार वारंवार आढळतो. माणूस झकास उभा राहिलेला असतो. त्याचं चालणं, बोलणं, लकबी, पानाचा डबा, शेजाऱ्यांशी भांडणं, सगळं डोळ्यांपुढे येतं. पाचसहा पानं आपण आनंदानं वाचतो आणि शेवटच्या परिच्छेदात तो माणूस मरतो. बातमी फोनवरून येते, नाहीतर गावाकडून आलेलं कुणीतरी सांगतं. माणूस संपला म्हणजे कथा पूर्ण झाली, असं लेखकाला वाटतं. मला तिथे कथा दिसत नाही. एक चांगलं व्यक्तिचित्र दिसतं, आणि त्याला शेवटी जोडलेलं मरण.

मराठीत ही गल्लत होणं साहजिक आहे, कारण व्यक्तिचित्रं वाचतच आपण मोठे होतो. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ सालचं, पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ सालचं. दुसऱ्याला १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. यातली माणसं अनेकांच्या घरात नातेवाइकांसारखी नावानं ओळखली जातात. लिहायला बसल्यावर हात आपोआप त्याच वळणावर जातो: ओळखीतला एखादा विक्षिप्त माणूस घ्यायचा आणि त्याच्याबद्दल सांगत सुटायचं. या वळणात वाईट काहीच नाही. फक्त हाती काय घेतलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक हवं, कारण दोन्हींची बांधणी वेगळी असते.

पु. लं.चा अंतू बर्वा घ्या. रत्नागिरीचा हा म्हातारा येईल त्या विषयावर तिरकस बोलतो. सुरुवातीला आपण हसतो. मग गावात वीज येण्याचा विषय निघतो आणि त्या उजेडात पाहायचं काय, तर आपलं दारिद्र्यच, ते काळोखात झाकलेलं बरं, अशा अर्थाचं तो बोलून जातो. तिथे हसू घशात अडकतं. पण नीट पाहा, अंतू बदललेला नाही. तो पहिल्यापासून असाच होता. आपल्याला तो उशिरा कळला. व्यक्तिचित्रात जे सरकतं ते वाचकाच्या मनात. माणूस जागच्या जागी असतो आणि लेखक आपल्याला त्याच्याभोवती फिरवून आणतो. म्हणून अशा लेखनात मधल्या दोन प्रसंगांची अदलाबदल केली तरी बहुधा फारसं बिघडत नाही. कोणता प्रसंग आधी ठेवला तर माणूस जास्त खोल कळेल, एवढंच लेखक बघतो.

आता अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' आठवा. भीमा अंगापिंडानं दांडगा, वारणेकाठचा, मुंबईच्या उपनगरात पोटासाठी आलेला. एवढ्यावर त्याचं उत्तम व्यक्तिचित्र झालं असतं. पण खाण बंद पडते आणि त्याचं काम सुटतं. मग स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तोच त्याचा धंदा होतो. एका रात्री पुरलेल्या प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावं लागतं, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि पुढे ती गमवावी लागतात. त्याच सुमाराला बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. यातला एकही दुवा जागचा हलवून पाहा. खाण आधी सुरू झाली तर कथाच उरत नाही. बोटं शाबूत राहिली तर त्या बातमीला धार येत नाही. ज्या हातांच्या बळावर तो जगत होता तेच निकामी झाले, आणि आता मागे फिरायला वाट नाही. इथे मरण कथेच्या शेवटी नाही, पहिल्यापासून भीमाच्या धंद्यातच आहे, आणि तरीही नायक जिवंत राहतो. त्याचं जिवंत राहणंच सोसवत नाही.

आपल्या लेखनात ही तपासणी करायची एक सोपी खूण क्रियापदांत सापडते. 'तो रोज पहाटे उठायचा', 'कुणी उधार मागितलं की ओरडायचा', 'दर शनिवारी मारुतीला जायचा'. अशा रीतिभूतकाळातल्या वाक्यांनी स्वभाव सांगितला जातो. 'त्या शनिवारी तो गेला नाही' या वाक्यापाशी काहीतरी घडायला लागतं. पानामागून पान 'यायचा, बोलायचा, हसायचा' चाललेलं असेल तर तुम्ही व्यक्तिचित्र लिहिताय. कथेतही अशी वाक्यं लागतात, कारण रोजचं काय होतं ते कळल्याशिवाय मोडलं काय ते कळत नाही. पण नव्या लेखकाची पहिली चारदोन पानं त्यातच जातात. मला विचाराल तर एक पान पुरे, जमलं तर अर्धंच.

व्यक्तिचित्राची कथा करायची तर माणसाचा जो गुण तुम्हाला सर्वांत जास्त आवडलाय, त्यालाच धक्का लावावा लागतो. समजा, चाळीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या आक्का आहेत. डबा बघून घर ओळखतात, बाजरीवर गहू कधी टाकत नाहीत, उधारीची वही ठेवत नाहीत, कारण सगळा हिशेब तोंडपाठ. लोक त्यांच्या स्मरणशक्तीचे दाखले देतात. हे व्यक्तिचित्र. आता एका दुपारी त्या दळण घ्यायला आलेल्या मुलीला चारचौघांत म्हणतात, 'मागचे पैसे राहिलेत.' मुलीनं ते कालच दिलेत, आणि देताना बघणारं कुणी नव्हतं. मुलगी रडत घरी जाते. रात्री गल्ला मोजताना आक्कांच्या लक्षात येतं. आता त्यांना मुलीच्या घरी जाऊन चूक कबूल करायची आहे. पण ती केली की उद्यापासून सगळी चाळ त्यांच्या प्रत्येक हिशेबावर शंका घेणार. त्या जातील की नाही, हे मला आत्ता ठरवायचं नाही. दोन्हीतलं काहीही केलं तरी त्यांचं कालचं जगणं परत येत नाही, एवढं मात्र खरं. कथेला लागणारा पेच तोच.

याचा अर्थ व्यक्तिचित्र म्हणजे अर्धवट राहिलेली कथा, असा मुळीच नाही. व्यक्तिचित्राची कसोटी वेगळी आणि माझ्या मते काही बाबतींत जास्त कडक. घटनेची ओढ नसल्यामुळे प्रत्येक वाक्याला स्वतःच्या बळावर वाचकाला धरून ठेवावं लागतं, आणि एक तपशील जरी साचेबंद निघाला तरी माणूस खोटा वाटायला लागतो. हाती असलेला माणूस एवढा भरलेला असेल की त्याच्यावर संकट आणणं ओढूनताणून वाटतंय, तर आणू नये. त्याला मारून तर मुळीच टाकू नये. ज्या प्रसंगात तो सर्वांत पूर्ण दिसतो तिथे थांबावं.

सीमेवरचं लेखनही असतंच. 'माणदेशी माणसं' मधली काही चित्रं कथा म्हणूनही वाचता येतात. अशा लेखनात बहुतेकदा निवेदक 'मी' महत्त्वाचा ठरतो. साध्या व्यक्तिचित्रातला 'मी' साक्षीदार असतो: पाहतो, ऐकतो, सांगतो. पण त्या माणसाला भेटल्यामुळे 'मी'चंच काही कायमचं बदललं, तर कथा त्या माणसाची न राहता 'मी'ची होते. मग सुरुवातही बदलावी लागते. आक्कांची गोष्ट त्या रडत गेलेल्या मुलीनं मोठेपणी सांगायची ठरवली, तर आक्कांच्या हुशारीचे दाखले मागे पडतील आणि पहिल्या पानावर तिचं घर येईल, तिची आई येईल, आणि 'पैसे दिलेस ना खरंच?' असं आईनंसुद्धा विचारलं होतं, हे येईल.